एकाच ताग्याचे खण

तारनाका,
२ जुलै १९९५

प्रिय मधू,

काल यांच्या ऑफिसात फोन करून तू जे बोललास ते यांनी घरी आल्यावर मला सांगितलं. बूट काढता काढता सांगितलं, म्हणजे सांगायची फारशी इच्छा नव्हती. "मधुकर म्हणतो, ताईनं दारावर पाटी लावून बाजार मांडलाय. उतरवायला सांगा." मग हातपाय धुतले आणि चहा मागितला. आमच्या घरात वाद एवढाच होतो.

बाजार हा शब्द तुझा की यांचा, ते मी विचारलं नाही. तू समोर आलास की मला हसवतोस आणि माझं म्हणणं राहून जातं. लहानपणापासून तसंच आहे. म्हणून एकाच गावात राहून पत्र लिहिते आहे.

पाटी शिल्पानं रंगवली. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर, तीन भाषांत: जुनी उर्दू आणि मोडी कागदपत्रं वाचून व लिहून मिळतील, पानाला साठ रुपये. तेलुगू ओळ तिच्या मैत्रिणीनं लिहून दिली. मराठी ओळीत तिनं तीन चुका केल्या होत्या. मी सांगायला गेले तर म्हणाली, "मम्मी, मराठी वाचणारं कोण आहे इथं? लाइट लो ना." बावीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या बाईची ही मुलगी. मी पाटी खाली काढून चुका दुरुस्त केल्या आणि परत लावली.

शाळेचं तुला माहीत आहेच. पहिलीत चार मुलं उरली आणि संस्थेनं वर्ग बंद केले. निरोपाच्या दिवशी मला स्टीलचा डबा दिला. जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी मी सकाळी सहाला आंघोळ करून साडी नेसून तयार झाले, आणि पर्स घेताना आठवलं.

दुसरं मला काय येतं, मधू? आप्पांनी शिकवलं तेवढंच. निजामाच्या महसूल दफ्तरात त्यांनी नकला करण्यात जन्म घालवला. डोळे अधू झाल्यावर मी नऊ वर्षांची त्यांच्या मांडीला टेकून बसायचे आणि ती घाईत लिहिलेली, नुक्ते गाळलेली, एकमेकांत अडकलेली उर्दू त्यांना वाचून दाखवायचे. तू तेव्हा गच्चीवर पतंग उडवायचास. तुला ते अक्षर आवडायचं नाही, आणि आप्पांनी तुला कधी बळं बसवलं नाही.

तुझ्या पक्षकारांचे कागद मी अकरा वर्षं वाचते आहे. तुझे कारकून उमाजी त्यांना कोठीच्या ऑफिसातून बसनं घेऊन यायचे, मी वाचायचे, मराठीत उतरवून द्यायचे. तू म्हणाला होतास, "ताई, ही आपल्या जुन्या मुलखातली माणसं. कोर्टानं पिळलेली. त्यांच्याकडून तू काय घेणार? ओटी भरतील तेवढी घे." मी तेवढीच घेतली. नारळांच्या वड्या केल्या. खण आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत, पेटीचं झाकण आता बसत नाही. तुझ्या सगळ्या पक्षकारांची आवड मात्र एकसारखी दिसते. हिरवा रंग, तांबडे काठ.

आता दिवस बदलले आहेत. झहीराबादच्या रस्त्याला कारखाने येतायत, माळरानाचे प्लॉट पडतायत, आणि ज्याच्या त्याच्या घरातली गाठोडी सुटून जुने कागद बाहेर येतायत. तू फी वाढवलीस. ऑफिसात कॉम्प्युटर घेतलास. मला आनंदच झाला. मग मी साठ रुपये म्हटलं की त्याचा बाजार कसा होतो, ते मला समजावून सांग.

एवढंच मागणं आहे. तुझ्या माणसांना सांग की ताई आता पैसे घेते. तुला जड जात असेल तर उमाजी सांगतील.

पाटी राहू दे. रागावू नकोस.

तुझी ताई

तारनाका,
२३ जुलै १९९५

मधू,

तुझं उत्तर आलं नाही. पण आज त्यासाठी लिहीत नाही.

मंगळवारी तारामतीबाई आल्या होत्या. तुझ्याच पक्षकार. झहीराबादकडच्या, साठीच्या, चुलत दिराशी जमिनीचा वाद. मार्चमध्ये उमाजींनी त्यांना आणलं होतं. या वेळी एकट्याच आल्या, दारातल्या बदामाच्या झाडावरून घर शोधत. गाठोड्यातून नवा कागद काढला. दफ्तरातून नक्कल मिळाली होती, म्हणाल्या, वकीलसाहेबांकडं नेण्याआधी बाईंना दाखवावी.

मी पाणी दिलं. आणि मग ते वाक्य बोलले. आठवडाभर आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, शिल्पानं परीक्षा घेऊन मला दोनदा नापास केलं होतं. मी त्यांच्या गाठोड्याकडे बघत म्हटलं, "एका पानाचे साठ रुपये होतील."

"आँ? आन् ते मागचे?"

"मागचे कसले?"

"वाचणावळीचे. दोनशे घेतले की वकीलसाहेबांनी, बाईचे म्हणून. वरतून खणानारळाचे वीस."

मला वाटलं, म्हातारीचा गोंधळ होतोय. मी समजावणीच्या सुरात, शाळेत बोलायचे तशी, म्हणाले, "अहो, खण तर तुम्हीच आणला होता ना? माझी ओटी भरायला."

 त्यांनी पदर सारून स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "हितं बघा बाई. मालक जाऊन बारा वर्सं झाली. मी कुनाची ओटी भरनार? उमाजींनी जिन्यात पिशवी हातात दिली, वर गेल्यावर बाईंपुढं ठेवा म्हनले. मला मेल्याहून मेल्यावानी झालं. टेबलावर ठेवली आन् हात मागं घेतला. तुम्ही कुंकू लावायला उठला, तर मी सरकले नव्हते का मागं?"

सरकल्या होत्या. मला आठवलं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, खेड्यातलं माणूस, लाजतंय. आपल्यात विधवा बाई ओटी भरत नाही, हे मला माहीत नाही असं नाही. त्यांचं कपाळ माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. पण मी कागदाकडे बघत होते.

"पुन्हा साठ आत्ता न्हाईत माझ्यापाशी," म्हणून त्या गाठोडं बांधून उठल्या. मी थांबा म्हटलं नाही. कागद वाचलाही नाही. इतक्या लांबून आलेली बाई तशीच परत गेली. चहासुद्धा विचारला नाही, हे रात्री ताटावर बसल्यावर ध्यानात आलं.

मधू, हे खोटं आहे असं लिही. उमाजींनी परस्पर खाल्ले असं लिही. मी विश्वास ठेवीन. बघ, उत्तरसुद्धा मीच तुला सुचवते आहे. तुझ्या निबंधांची पहिली ओळ मीच सांगायचे, तसं.

ताई

तारनाका,
१३ ऑगस्ट १९९५

मधुकर,

राखीला तू आलास. तबक तयार होतं म्हणून राखी बांधली. हातांना सवय असते. मग विचारलं.

तू खोटं आहे म्हणाला नाहीस. उमाजींचं नावही घेतलं नाहीस. त्याबद्दल तुझं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा नंतर राग आला.

तू म्हणालास, "ताई, तू मागितले असतेस तर मी दिले नसते का?"

मी म्हटलं, "मी मागू नयेत म्हणून तर तू खण आणलेस."

सुनीता पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "वन्सं, खण मीच निवडायचे. सुलतान बाजारातून. कधी हलका घेतला नाही हो." तिला खरंच वाटत होतं की यानं माझं समाधान होईल. मला तिची कीव आली. शिल्पा आतून, "सुनीतामामी, थँक्यू हां," असं ओरडली. तिला मी गप्प केलं. तुला करायला हवं होतं.

मग तू वकिलासारखं बोलायला लागलास. पक्षकार तुझा, ऑफिस तुझं, कोर्टात उभा तू. मी घरात पंख्याखाली बसून चार ओळी वाचायच्या. लोक पैसे देतात ते तुझ्या नावाला. ठीक आहे. मग ते माझ्या नावावर कशाला घेतलेस? "वाचणावळ" म्हणून का घेतलीस? आणि माझी ओळख त्यांना नुसती "बाई" अशी का करून दिलीस? तारामतीबाईंना मी तुझी बहीण आहे हे ठाऊकसुद्धा नाही.

यावर तू जे बोललास ते खरं होतं असं मला वाटतं. तेवढंच खरं होतं. "आप्पांनी सगळं तुला दिलं. मला त्यांनी कधी जवळ बसवलं नाही. ते अक्षर बघितलं की मला आजही घाम फुटतो. माझ्या टेबलावर रोज तेच येतं, आणि दर वेळी मला तारनाक्याला माणूस पाठवावा लागतो."

बळं बसवलं नाही असं मी लिहिलं होतं. जवळ बसवलं नाही असं तू म्हणालास. आप्पा असते तर विचारलं असतं.

पाकीट रेडिओखाली ठेवून गेलास. आत किती होतं ते मी पाहिलं नाही. यांच्या हाती परत पाठवलं, मिळालं असेल.

आता माझं ऐक. मी तुला लिहिलं की मला मंगळवारी कळलं. तसं नाही.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात हळदीकुंकवाला द्यायला मी पेटी उघडली. दोन खण शेजारी ठेवले. एक उदगीरकडच्या माणसानं आणलेला, एक संगारेड्डीच्या. दोघांत दोन महिन्यांचं अंतर. एकाच्या कडेला गिरणीच्या शिक्क्याचा अर्धा भाग होता, दुसऱ्याच्या कडेला उरलेला अर्धा. मी ते कडेला कडा लावून पाहिले. शिक्का पुरा जुळला. एकाच ताग्याचे, एकापुढं एक कापलेले.

मी काय केलं सांगू? एक खण पेटीच्या तळाशी घातला आणि दुसरा वर ठेवला. पुन्हा शेजारी येऊ नयेत म्हणून. त्या दिवशी कुणालाही खण दिला नाही, नुसत्या केळ्यांवर भागवलं.

का, ते मी या महिनाभरात स्वतःला फार विचारलं. शाळेत मी बाई होते, घरी मी मम्मी आणि अगं ऐकलंस का. ते कागद समोर आले की तेवढा वेळ मी आप्पांची मुलगी असायचे. लांबून आलेली माणसं श्वास धरून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. ते जाईल अशी मला भीती वाटली. तेव्हा तू मला फसवलंस हे खरं, आणि ते दिसल्यावर मी झाकण लावलं हेही खरं. पण माझ्या वाट्याचं माझ्याकडे राहू दे. त्यानं तुझं कमी होत नाही.

जिन्यातून उतरताना तू म्हणालास, "तुझ्यावाचून अडत नाही. कोठीत असे पन्नास वाचणारे मिळतात." मी वरून ऐकलं.

कुसुम

तारनाका,
भाऊबीज, १९९५
संध्याकाळ

मधू,

सकाळपासून पाट मांडलेला होता. बाराला शिल्पा म्हणाली, "मामा येत नाही, मम्मी. तू जेव." यांनी स्वतःचं पान वाढून घेतलं, म्हणजे मला वाढावं लागू नये.

तारामतीबाईंच्या कागदाचं तुला कळलं असेल. तरी माझ्याकडून लिहिते.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी उमाजी आले. बसले नाहीत. म्हणाले, "ताई, लई परेशानी झाली. नव्या मुन्शीनं साल चुकीचं वाचलं. साहेबांनी तसंच दाखल केलं. समोरच्यांनी तेच धरून ठेवलंय. बाईची जमीन जाते बघा." दिराकडचे म्हणतात, आमची वहिवाट निजामाच्या सालाप्रमाणं तेराशे पन्नास फसलीपासून आहे. मुन्शीनं तारामतीबाईंच्या सासऱ्यांच्या नोंदीचं साल तेराशे छप्पन्न वाचलं. म्हणजे त्यांच्या मागून सहा वर्षांनी. सगळा दावा त्या एका सालावर.

"साहेबांनी विचारलंय, आधीसारखं बघून द्याल का?"

उमाजींच्या हातात पिशवी होती. मी पिशवीकडे बघितलं. त्यांनी ती पाठीमागे नेली. बिचाऱ्यांना नारळ लपवता येईना.

मी म्हटलं, "बाईंना पाठवा. कागद त्यांनीच आणायचा. दर पाटीवर लिहिलाय. आणि भाषांतराखाली माझं नाव येईल."

दिवाळीच्या चार दिवस आधी त्या आल्या. मी आधी चहा दिला. मग कागद खिडकीपाशी नेला.

चौथ्या ओळीत साल होतं. मला ते वाचावं लागलंच नाही. मधू, तो उर्दू चार मी ओळखते. वरचा फाटा आत वळवून त्याची गाठ मारायची, म्हणजे टाक उचलावा लागत नाही. परक्याला तो पाचच वाटणार. नऊ वर्षांची असताना मीही तो पाच वाचायचे आणि आप्पा माझ्या डोक्यावर टपली मारायचे. तेराशे सेहेचाळीस फसली. त्यांच्या आधी चार वर्षं. खाली कोपऱ्यात नक्कल करणाराची सही आहे, उर्दूत. भगवंतराव.

तीन महिने तो कागद तुझ्या टेबलावर होता. तू त्यावर वजन ठेवलं असशील, चहाचा कप ठेवला असशील. त्यावर आपल्या वडिलांचं नाव होतं. मुन्शीला ते वाचता आलं असणार, पण त्याला ते कोण हे ठाऊक नाही. तुला ठाऊक, पण वाचता येत नाही. मी असते तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. तुला हाक मारून बोलावलं असतं. आपण दोघं बसून तो कागद बघत राहिलो असतो.

जुलैमध्ये तो कागद माझ्या दारात आला होता आणि मी साठ रुपयांवरून परत जाऊ दिला, हेही आहे. ते मी विसरत नाही.

तारामतीबाईंना यातलं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "तुमचंच साल आधीचं आहे." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.  मग कमरेची पिशवी सोडायला लागल्या.

माझ्या जिभेवर आलं होतं, राहू द्या बाई. विधवा बाई, एकदा नाडलेली, तीही माझ्याच नावानं, माझ्याच भावानं. कुणाच्या तोंडून "राहू द्या" निघालं नसतं? पण तेच म्हणत मी अकरा वर्षं काढली. ते म्हटलं असतं तर मी पुन्हा तुझ्या पक्षकारांची बाई झाले असते, आणि पुढचा माणूस आला की पुन्हा आरशासमोर उभी राहिले असते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "साठ रुपये." या वेळी गाठोड्याकडे बघितलं नाही.

त्यांनी दिले. मग म्हणाल्या, "कागुद द्या की पैशे दिल्याचा. वकीलसाहेबांनी काय दिला न्हवता."

माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. शिल्पाच्या वहीचं पान फाडून लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी ती घडी जमिनीच्या कागदातच ठेवली. भाषांतर शिल्पानं इंग्रजीत टाइप करून आणलं आहे. वाचणारीचं नाव, पत्ता, शिक्षण. शिक्षणापुढं मी आप्पांचं नाव घातलं. ते कोर्टात चालेल की नाही ते तू बघ, पण काढू नकोस.

उठताना त्यांनी विचारलं, "दिवाळीला भाऊ येत असतील न्हाई का तुमचे?"

मी म्हटलं, "बघू." वकीलसाहेब माझे कोण, ते अजून त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. लाज तुझी वाटली की माझी, ते ठरवता आलं नाही.

आताच गच्चीवरून खाली आले. दिवे लागायच्या वेळी मी तबक घेऊन वर गेले होते. शिल्पा मागून आली. "कायको मम्मी? वर काय आहे?" बारीक कोर दिसत होती, कोठीच्या बाजूला, तारांच्या वर. परवा ग्रहणाला शिल्पानं काळ्या काचेतून सूर्य दाखवला तेव्हा मला भीती वाटली होती, आज वाटली नाही.

भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. भाऊ असताना ओवाळू नये, असं आई म्हणायची. त्याला बाधतं म्हणायची.

मी बराच वेळ तबक धरून उभी होते. वात वाऱ्यानं वाकत होती. शिल्पानं हाताचा आडोसा केला.

मग ओवाळलं.

कुसुम

ता.क. उद्या उमाजी भाषांतर न्यायला येतील. त्यांच्याबरोबर पेटी देते आहे. त्यातले खण तुझे आहेत, सगळे आहेत. पेटी आप्पांची आहे. रिकामी करून परत पाठव. मला कागद ठेवायला लागेल.